टाकीची विहीर

१

बारक्या मेला त्याला अकरा दिवस झाले होते आणि अहवालात त्याचं मरण दीड ओळीत उरकलं होतं. ‘नकाशा चुकीचा असल्याने यंत्र मऊ जागेवर जाऊन उलटले. नकाशा तयार करणारी बाई जबाबदार.’ खाली सही आणि शिक्का. दूधवाल्याला मी याहून लांब चिठ्ठी लिहितो.

मी सुरक्षा खात्याचा तपासनीस. मला खात्यात समोर ‘सर’ म्हणतात आणि पाठ फिरली की ‘काणा’. डावा डोळा अशाच एका दगडखाणीत गेला, कारण त्या दिवशी संरक्षक चष्मे कपाटात होते आणि कपाटाची किल्ली साहेबाच्या खिशात. त्यामुळे खाणीच्या ऑफिसची पायरी चढतानाच माझं डोकं तापलेलं असतं.

इथला साहेब हसतमुख होता. कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं. त्याने मला थेट भिंतीवरच्या नकाशासमोर नेलं. लाकडी चौकटीत, काचेखाली, दोन हात लांब, लाल-निळा. अक्षर एकही नाही. शेजारी खिडकी होती, तिच्यातून समोर खाण दिसत होती. सकाळचं ऊन माझ्या डाव्या गालाला लागत होतं. त्या बाजूने मला ऊन दिसत नाही, नुसतं लागतं.

“तीन वर्षं या नकाशावरच सगळं चालतंय,” साहेब म्हणाला. “खाणीचा जुना भाग आम्ही दगडाच्या भुकटीने भरून सपाट केलाय. वरून सगळं अंगणासारखं. खाली कुठे कातळ आहे नि कुठे गाळ भरलेला खड्डा, ते भरायच्या आधी विमानातून काढलेल्या फोटोंवरूनच कळतं. दोन फोटो, एक लाल नि एक निळा, एकमेकांवर छापायचे. एका डोळ्यावर लाल काच, दुसऱ्यावर निळी. मग टेकड्या वर येतात नि खड्डे आत जातात. काचा उलट्या झाल्या तर मात्र टेकडीचा खड्डा होतो नि खड्ड्याची टेकडी.” त्याने खिळ्यावरचा एक पुठ्ठ्याचा चष्मा काढला. “घाला, सर. स्वतःच बघा.”

“मला एकच डोळा आहे. एका डोळ्याला यात नुसता चिखल दिसतो.”

“अरेरे,” साहेब म्हणाला, पण चेहरा खुलला. तो मला दिसला. तेवढं एका डोळ्यालाही दिसतं.

मग त्याने खिशातून स्वतःचा चष्मा काढला, चांगल्या काळ्या दांड्यांचा. माझ्याकडे तोंड करूनच तो डोळ्यांवर चढवला. लाल काच माझ्या डाव्या हाताला आली, निळी उजव्या. मग तो नकाशाकडे वळला आणि काचेवर बोट टेकवलं. “बारक्या गेला ती जागा ही. मलाही इथे टेकडीच दिसते. म्हणजे टणक कातळ. आणि खाली निघाला गाळ. बाईने डावा-उजवा फोटो उलटा छापला, विषय संपला.”

“बाई कुठे आहे?”

“निलंबित. उद्या संध्याकाळी कागद पोलिसांकडे जातील.” त्याने आवाज उतरवला. “नाजूक गोष्ट आहे, सर. बाई बारक्याची सख्खी थोरली बहीण.”

२

बारक्या सव्वासहा फूट होता. मशीनच्या केबिनमध्ये मान वाकवून बसायचा, म्हणून बारक्या. त्याच्या घरी दाराच्या खुंटीवर त्याचा सदरा अजून होता, तंबूएवढा. बायको त्याच्याखाली जमिनीवर बसली होती. दोन पोरी आतल्या खोलीत गृहपाठ करत होत्या, की करायचं नाटक करत होत्या.

“ती नकाशावाली आली होती,” बायको म्हणाली. ‘वन्सं’ नाही, नाव नाही, नुसती नकाशावाली. “मी दार उघडलं नाही. तासभर पायरीवर बसली नि गेली. तिनेच ह्यांना लहानाचं मोठं केलं, ठाऊक आहे मला. मग नीट बघून छापता येत नव्हतं? दुसऱ्या कुणाचा नकाशा असता तर ह्यांनी दहादा विचारलं असतं. ताईचा नकाशा म्हटल्यावर डोळे मिटून जायचे.”

मी म्हटलं, “आदल्या दिवशी ते काही बोलले का?”

“हसत आले होते. म्हणाले, ऑफिसात नवे चष्मे आलेत नि आपल्या पाण्याच्या टाकीची विहीर झालीय. टाकी वर उभी दिसायची ती जमिनीत गेलेली दिसते म्हणे. साहेबाला सांगितलं तर म्हणाला, तू मशीन चालव. मला काय कळतंय त्यातलं. मीही हसले.” तिने पदराने तोंड पुसलं. “मी हसले हो.”

मी चहा अर्धा ठेवून उठलो.

रस्त्यावर आल्यावर माझी चाल आपोआप मंदावली. नकाशा त्या भिंतीवर तीन वर्षं लटकत होता आणि तीन वर्षं टाकी टाकीच होती. छापण्यात चूक असती तर ती पहिल्या दिवसापासून दिसली असती. आदल्या दिवशी नकाशा बदलला नव्हता, बदलले ते चष्मे. दीड ओळीत चष्म्याचा उल्लेखही नव्हता.

३

नकाशाबाई दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहत होती. खोलीभर फोटो पसरलेले, लाल आणि निळ्या पट्ट्या, भिंगं. केस विंचरलेले नव्हते. मला खुर्ची देताना तिने खुर्चीवरचे कागद हातात घेतले आणि ते कुठे ठेवायचे हे विसरून तसेच धरून उभी राहिली.

मी चष्म्यांचं विचारलं.

“आमच्याकडे प्रत्येक खाणीच्या ऑफिसात वेगळा चष्मा होता,” ती म्हणाली. “कुठे लाल डावीकडे, कुठे निळा डावीकडे, एका ठिकाणी तर हिरवा. जो जसा मिळेल तसा घेतलेला. तीन महिन्यांपूर्वी बैठक झाली. मी म्हटलं, एकच पद्धत ठरवा, डाव्या डोळ्याला लाल. माझे सगळे नकाशे तसेच आहेत. सगळे हो म्हणाले. हे साहेब एकटे अडून बसले. म्हणाले, आमच्याकडे निळा डावीकडे घातला तरच बरोबर दिसतं. मी म्हटलं, मग तुमच्याकडे काहीतरी उलटं आहे. लोक हसले.”

“साहेब हसले?”

“नाही. मी म्हटलं येऊन बघते, तर म्हणाले गरज नाही.” तिने शेवटी कागद खाली ठेवले. “पद्धत ठरली. नवे चष्मे छापून घेतले, लाल डावीकडे. खोका भावाच्याच हाती दिला, तो मला भेटायला आला होता. सोबत साहेबांना पत्र. वापरण्याआधी टाकी बघा. टाकी उभी दिसली तर ठीक. विहिरीसारखी दिसली तर चष्मे वापरू नका, मला कळवा.”

“साहेबांनी पत्राचं नावही काढलं नाही. नक्कल आहे?”

“मी नक्कल ठेवली नाही. भावाच्या हाती देतेय, नक्कल कशाला ठेवायची?”

तिच्यावर चिडावंसं वाटलं आणि चिडता आलं नाही. मी विचारलं, “तुमची चूक आहे असं तुम्हाला स्वतःला वाटतं?”

“मी अकरा दिवस हेच तपासतेय. सर, त्यांच्या जुन्या चष्म्यात निळा डावीकडे होता. त्यातून माझा नकाशा तीन वर्षं बरोबर दिसला. माझा नकाशा लाल-डाव्याचा असता तर तीन वर्षं उलटा दिसायला हवा होता. म्हणजे तो निळ्या-डाव्याचाच झालाय. म्हणजे मी तो एकच नकाशा उलटा छापला, आणि वर लाल-डावे चष्मे पाठवून भावाला...” तिने वाक्य सोडलं. “उलटं त्यांच्याकडे नव्हतं. माझ्याकडे होतं.”

हिशेब बिनचूक होता. मला त्यात फट सापडेना, आणि म्हणूनच जास्त संताप आला. स्वतःला फासावर चढवणारा इतका स्वच्छ तर्क मी खात्यात तीस वर्षांत ऐकला नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी स्टोअरमध्ये गेलो. तिथला म्हातारा सगळ्यांचा वहीमामा. खिळा आला तरी लिहितो, खिळा गेला तरी लिहितो.

“चष्म्याचा खोका कधी आला?”

वही आधीच उघडी होती. बारक्याच्या मरणाच्या आदल्या दिवशीची ओळ त्याने बोटाने दाखवली. ‘खोका एक, बारक्याकडून. पाकीट एक, सोबत. पाकीट साहेबांना दिले.’

“मला कुणी विचारलंच नाही,” वहीमामा म्हणाला. “चौकशीवाले आले, साहेबांच्या केबिनमध्ये सरबत प्यायले नि गेले. खोक्यातले चष्मे मी खिळ्यावर लावले, जुने पुठ्ठ्याचे साहेबांनी जाळायला सांगितले. ते जाळले. तेही लिहिलंय.”

“साहेबांचा स्वतःचा चष्मा?”

“तो त्यांचा जुनाच. तीन वर्षांपूर्वी बनवून घेतलेला. दुसऱ्याला हात लावू देत नाहीत.”

मुकादम मशीनच्या सावलीत बसला होता. माझ्याकडे न बघता बोलला. “रेघ मी मारली, सर. त्या भागात आधी कधी काम नव्हतं, मी तिथला नकाशा कधी बघितलाच नव्हता. खिळ्यावरचा चष्मा लावला, टेकडी दिसली, जमिनीवर खडूने रेघ मारली नि बारक्याला म्हटलं ह्यावरून जा. तो टाकीचं काहीतरी बडबडत होता. मी म्हटलं, तुला टाकीवर मशीन न्यायचंय का?” त्याने मूठभर भुकटी उचलली आणि सोडली. “साहेब शेजारीच होते. त्यांनीही त्यांच्या चष्म्यातून बघितलं.”

“काय म्हणाले?”

“‘बरं’ म्हणाले.”

मी ऑफिसात आलो. साहेब अजून यायचा होता. मी नकाशासमोर उभा राहिलो, एका डोळ्याने, चिखल बघत. मला टेकड्या दिसत नाहीत, खड्डे दिसत नाहीत, त्यामुळे मला फसवताही येत नाही. मला फक्त आकार दिसतात. खालच्या कडेला ऑफिसचं छप्पर, त्याला चिकटून टाकीचा गोल, वर पसरलेली खाण. खिडकीतूनही तसंच, जवळ टाकी, पलीकडे खाण. नकाशा अगदी खिडकीबरहुकूम लावलेला. किती सोयीचं, असं मनात आलं आणि डाव्या गालाला ऊन लागलं.

सकाळचं ऊन डावीकडून येत होतं. म्हणजे डावीकडे पूर्व, आणि मी दक्षिणेकडे तोंड करून उभा होतो. खिडकी दक्षिणेला, खाण दक्षिणेला. आणि नकाशात खाण वर.

नकाशा करणारं कुठलंही माणूस उत्तर वर ठेवतं.

मी टेबलावरून एक कागद घेतला. लाल पेन्सिलीने एक ठिपका काढला, त्याच्या उजवीकडे निळ्याने दुसरा. कागद गर्रकन फिरवून डोक्यावर उभा केला. आता लाल उजवीकडे होता आणि निळा डावीकडे. कागद तोच, ठिपके तेच, बाजू मात्र उलटल्या. मी तिथेच एक शिवी दिली, बऱ्यापैकी मोठ्याने. मग वहीमामाला हाक मारून पक्कड मागवली आणि चौकट भिंतीवरून उतरवली.

५

दुपारी मी सगळ्यांना त्या खोलीत बोलावलं. साहेब, मुकादम, वहीमामा. नकाशाबाई दाराशी उभी राहिली. बारक्याची बायको आली ती दुसऱ्या भिंतीशी, नणंदेकडे पाठ करून. चौकट मी होती तशीच परत टांगली होती.

“मुकादम, खिळ्यावरचा चष्मा लाव. टाकी सांग.”

“विहीर आहे, सर.”

“आता हा नकाशा फिरवतो. खालची बाजू वर.” मी आणि वहीमामाने चौकट उलटी धरली. “आता?”

मुकादमाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. “टाकी झाली. उभी.” मग त्याचं बोट हवेत सरकत गेलं आणि थांबलं. “आणि इथे खड्डा आहे. आई शप्पथ, केवढा खड्डा आहे.”

“नकाशा बरोबर आहे,” मी म्हटलं. “पहिल्यापासून बरोबर होता. तीन वर्षांपूर्वी साहेबांनी तो खिडकीशी जुळावा म्हणून डोक्यावर उभा टांगला. असा नकाशा फिरवला की लाल-निळ्याच्या बाजू उलटतात, टेकडीचा खड्डा होतो. ते बघून कुणी शहाण्याने नकाशा सरळ केला असता. साहेबांनी चष्मा उलटा केला. निळा डावीकडे. दोन उलट्यांनी मिळून बरोबर दिसायला लागलं आणि साहेबांना वाटलं, आपली पद्धतच खरी. बैठकीत तिच्यासाठी भांडलेसुद्धा.”

“हे सगळं तुमचं तर्कट आहे,” साहेब म्हणाला. हसू अजून होतं, पण एका बाजूला सरकलं होतं. “नकाशावर कुठेच दिशा नाही. मी कसं ओळखणार?”

मी चौकटीची मागची फळी काढली. नकाशाची एक कड पट्टीएवढी मागे दुमडलेली होती. मी ती उलगडली. बाणाने दाखवलेली उत्तर, आणि बाईच्या बारीक अक्षरात एक ओळ. ‘डाव्या डोळ्याला लाल.’

“अक्षरं डोक्यावर उभी दिसत होती, म्हणून दुमडली. होय ना?”

साहेब खिडकीबाहेर बघायला लागला.

“तिथपर्यंत मूर्खपणा. मूर्खपणाला मी फार तर शिव्या देतो. पण नवे चष्मे आले त्या दिवशी सोबत पत्र होतं. टाकीची विहीर दिसली तर मला कळवा. वहीमामाच्या वहीत पाकीट आहे, तुमच्या टेबलावर नाही. बारक्याने तोंडी सांगितलं, टाकीची विहीर झालीय. त्याला तुम्ही म्हणालात, तू मशीन चालव.”

“मला वाटलं चष्मेच खराब आलेत. मलाही टेकडीच दिसत होती. तुमच्यासमोर बघितलं मी, सर.”

“बघितलंत. माझ्याकडे तोंड करून चष्मा लावलात. लाल काच माझ्या डाव्या हाताला होती. समोरासमोर उभ्या माणसाचं माझं डावं ते त्याचं उजवं. म्हणजे तुमच्या डाव्या डोळ्यावर निळी होती, तुमचा तो जुना चष्मा. काण्याला काय कळणार, असं वाटलं तुम्हाला.” मी हात पुढे केला. “आणा इकडे.”

त्याने दिला नाही. मुकादमाने त्याच्या खिशातून काढून घेतला. विचारलंसुद्धा नाही. मी चौकट परत साहेबाच्या पद्धतीने, डोक्यावर उभी केली आणि तो चष्मा नकाशाबाईला दिला.

तिने लावला. “टाकी उभी आहे,” ती म्हणाली. मग अगदी हळू, “खड्डा दिसतोय. स्वच्छ दिसतोय.”

मुकादम साहेबाकडे बघत होता. “म्हणजे मी रेघ मारली तेव्हा तुम्हाला खड्डा दिसत होता? तुम्ही ‘बरं’ म्हणालात.”

“संध्याकाळी बदलणार होतो,” साहेब म्हणाला. आवाज पार गेला होता. “सगळे घरी गेल्यावर नकाशा सरळ करणार होतो. एका दिवसाचा प्रश्न होता. ती आली असती, सगळ्यांसमोर बोलली असती, उलटं टांगलंय म्हणून. पुन्हा सगळे हसले असते. मला वाटलं, बारक्या इतकी वर्षं चालवतोय, कडेकडेने काढेल मशीन.”

मी खूप माणसांवर ओरडलो आहे. त्या वेळी मला ओरडता आलं नाही. एका बैठकीतल्या हशासाठी सव्वासहा फुटी माणूस गाळात गेला आणि त्याचं खापर ज्या बाईच्या डोक्यावर फोडलं, तिने ते अकरा दिवस स्वतःच घट्ट धरून ठेवलं. मी वहीमामाला म्हटलं, “साहेबांचं वाक्य लिहून घ्या. शब्दाला शब्द.” तो आधीच लिहीत होता.

साहेबाला मुकादम बाहेर घेऊन गेला. मी नकाशा चौकटीतून काढून टेबलावर सरळ ठेवला, उत्तर वर. मला वाटलं आता बाया रडतील आणि मला बाहेर जावं लागेल. पण बारक्याची बायको टेबलाशी आली आणि तिने खिळ्यावरचा पुठ्ठ्याचा चष्मा स्वतःच घेतला. आधी उलटा धरला. नकाशाबाई पुढे झाली, तिने न बोलता तो सरळ करून तिच्या कानांवर बसवला आणि मागे सरली.

बायकोने पहिल्यांदा टाकीला हात लावायचा प्रयत्न केला. बोटं हवेत, कागदाच्या वीतभर वर थांबली. “ही केवढी उंच आहे,” ती म्हणाली. मग बोटं खाणीवरून फिरत गेली आणि एका जागी कागदाला टेकली.

“हा का?”

“हो,” नकाशाबाई म्हणाली.

“ह्यांना असा दिसला असता तर गेले नसते.”

“नसता गेला.”

“तुम्ही दाखवला होता.”

नकाशाबाईने नुसती मान हलवली.

बायकोने चष्मा काढून टेबलावर ठेवला. डोळे कोरडे होते आणि लाल होते. “पायरीवर तासभर बसला होता तुम्ही,” ती म्हणाली. “मी आतून बघत होते. चला वन्सं, घरी चला. पोरी विचारतात, आत्या का येत नाही.”

त्या दोघी गेल्यावर मी खुर्ची ओढली, कोरा कागद घेतला आणि अहवाल पहिल्यापासून लिहायला बसलो.